कारभारी मिस्त्रीचा डिव्हायडर

कारभारी मिस्त्रीबद्दल चांगलं बोलणारं नाशकात एकच माणूस होतं, त्याची बायको कुसाबाई. गेल्या दसऱ्यापासून तीही गप्प झाली आहे. मी त्याच्या हाताखाली अकरा वर्षं काढली, म्हणून त्याच्याबद्दल सांगायचा हक्क मला आहे. पण मी गोड काही सांगणार नाही. गोड ऐकायचं असेल तर दुसरं कुणीतरी गाठा.

आमचं वर्कशॉप अंबडला, नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत. जुन्या मशीनचे मोडलेले भाग नव्यानं बनवून द्यायचे, हा आमचा धंदा. एकाच नगाचं काम असतं, दहा हजार नगांचं नसतं. त्यामुळे शेजारच्या शेडमध्ये कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली तरी आमच्याकडे अजून हातानं खुणा मारून भोकं पाडतात. खुणा मारायच्या या कामाला मार्किंग म्हणतात. ती एक रेघ चुकली की ओतीव लोखंडाचा अख्खा नग भंगारात जातो. हे मार्किंग कारभारी करायचा. वय त्रेसष्ट, मान ताठ, तोंड कडू. आमचे मालक यज्ञेश्वरसाहेब त्याला दोनदा घरी बसवायला निघाले आणि दोन्ही वेळा आठ दिवसांत बोलवायला गेले. तेव्हापासून तो साहेबांशीसुद्धा उपकार केल्यासारखा बोलायचा.

डबा तो उलट्या बादलीवर एकटा बसून खायचा. कुणाच्या डब्यातलं घ्यायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. तुमचं काम तंतोतंत उतरलं तर म्हणायचा, "चालंल." यापेक्षा मोठी शाबासकी अकरा वर्षांत माझ्या कानांवर पडली नाही. काम चुकलं तर मात्र तुमच्या आईबापापासून सुरुवात करायचा. आणि माझ्या बापापासून सुरुवात करायला त्याला चूक लागायचीच नाही.

मी तेजस्विनी. माझे वडील पुंजा, आम्ही त्यांना नाना म्हणतो, याच वर्कशॉपात फिटर होते. सत्त्याण्णव साली त्यांनी ही नोकरी सोडली. का सोडली ते सांगायचं तर आमच्याकडची खंडेनवमी सांगावी लागेल.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं एका टेबलावर मांडतात. सगळी म्हणजे सगळी. घरी नेलेलीसुद्धा त्या दिवशी आणायची. ज्या हत्याराला कुंकू लागलं नाही ते वर्षभरात कुणाचं तरी बोट घेतं, असं आमच्याकडची जुनी माणसं मानतात. पूजा झाली की टेबलाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा होते आणि मग ज्यानं त्यानं आपलं हत्यार उचलायचं.

सत्त्याण्णवच्या नवमीला टेबलावर कारभारीचा डिव्हायडर नव्हता. डिव्हायडर म्हणजे शाळेतल्या कंपाससारखी वस्तू, पण दोन्ही पाय टोकदार आणि पोलादी. लोखंडावर वर्तुळ ओढायला, अंतर उचलून दुसरीकडे मांडायला लागतो. कारभारीचा हा डिव्हायडर त्याला त्याच्या उस्तादानं दिलेला, विलायती, जुना. नानांनी तो दोनदा वापरायला मागितला होता आणि असा एक आपल्याकडे पाहिजे असं चारचौघांत म्हणाले होते. एवढं पुरलं. चाळीस माणसांसमोर कारभारी ओरडला, "पुंजानं नेला." राकेश वेल्डरनं नानांची पिशवी टेबलाखाली उलटी केली. त्यातून डबा निघाला, टॉवेल निघाला, आणि मला घेतलेली लाल प्लास्टिकची चप्पल निघाली. कारभारी म्हणाला, "मग विकला आसंल."

आठ दिवसांनी नानांनी काम सोडलं. घोटीला एका भाताच्या गिरणीत लागले आणि आम्ही घोटीचे झालो. पण घोटी ते नाशिक असं किती अंतर? बोलणं आमच्या आधी तिथं पोचलं. लग्नात कुणाचं पाकीट सापडेना की लोक आधी नानांकडे बघायचे आणि मग दुसरीकडे बघितल्यासारखं करायचे. नाना लग्नाला जायचे थांबले. अठ्ठावीस वर्षं त्यांनी अंबडच्या वाटेला पाय लावला नाही.

आयटीआय करून मी इथंच का आले? नोकरी मिळाली म्हणून आले. आणि खरं सांगू का, त्या माणसाचं तोंड बघायचं होतं म्हणूनही आले.

पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "पुंजाची का तू?"

"हो."

"संध्याकाळी हत्यारं मोजून घीन."

आणि घेतली. अकरा वर्षं, रोज संध्याकाळी, फक्त माझी. बाकीचे हात धुवून गेटवर जायचे आणि मी टेबलाशी उभी राहायचे, तो एकेक पंच, एकेक कानस बोटानं ढकलत बघायचा. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हातारा आहे, मनावर घेऊ नकोस." तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता.

शिकवलं त्यानं, ते मी नाकारणार नाही. बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या भागाला खडू फासायचा, पोलादाला मोरचुदाचं पाणी लावायचं, म्हणजे रेघ उठून दिसते. पट्टीवरचं माप शून्यापासून उचलायचं नाही, कारण पट्टीचं टोक झिजलेलं असतं. एका सेंटिमीटरच्या रेघेपासून उचलायचं आणि एक वजा करायचा. डिव्हायडर वरच्या सांध्याला दोन बोटांत धरायचा, पाय पकडून ढकलला तर माप फाकतं. त्रिज्येएवढ्या सहा पायऱ्या वर्तुळावर टाकल्या की सहावी पहिल्या ठिपक्यात पडली पाहिजे. नाही पडली तर पुसायचं आणि पुन्हा. टोकांना धार लावायची ती बाहेरच्या बाजूनं, आतून कधी नाही, नाहीतर पाय मिटल्यावर टोकं एकमेकांना भिडत नाहीत. हे सगळं तो शिव्यांच्या मधून मधून सांगायचा आणि मी शिव्या गाळून पाठ करायचे.

पण त्याचा आवडता धडा वेगळा. कुणी नवीन आलं, की जुना डिव्हायडर कसा ओळखायचा ते तो सांगायला बसायचा. नव्याचे पाय पत्रा कापल्यासारखे चपटे असतात. जुन्याचे ठोकून घडवलेले, वर जाड आणि खाली निमुळते. नवा कुठं सैल उघडतो, कुठं घट्ट. जुना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा ओढ देतो. दोन पायांमधली पोलादी कमान बघायची, तिच्या कडा हातानं कानसलेल्या असतात. मग आवाज खाली आणून तो स्वतःच्या डिव्हायडरवर यायचा. "माझ्याची कमान एका बाजूला आखूड. डाव्या पायाच्या आतल्या अंगाला चंद्रकोरीएवढी खोच, उस्तादाचा पंच निसटला होता तितं. आन कमान आवळायचा स्क्रू पितळेचा, उस्तादानं घरी बनवलेला. हजारात ओळखीन." थोडा थांबायचा, माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "नेला एका चोरानं."

किमान पंधरा वेळा मी हे ऐकलं. माझ्या हातात लोखंडावर रेघ ओढायचा टोकदार स्क्राइबर असायचा आणि देवानं त्या वेळी माझा हात आवरला, एवढंच म्हणते.

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तर. एकदा बारा भोकांची फ्लँज, म्हणजे पाइप जोडायची गोल चकती, मला मार्किंगला दिली. जेवायच्या सुट्टीनंतर बघते तो बारावी पायरी पहिल्या ठिपक्यापासून मिलिमीटरभर लांब. त्यानं सगळ्या शेडसमोर माझी लाज काढली. पुन्हा तसंच झालं तेव्हा मला वास आला. तिसऱ्या खेपेला डबा खायला जाताना मी डिव्हायडरच्या कमानीवर आणि पायावर मिळून नेलपॉलिशचा एक ठिपका लावून ठेवला. परत आले तर ठिपका मधोमध तुटलेला. मी डिव्हायडर त्याच्या नाकासमोर धरला. तो नालायक माणूस काय म्हणाला असेल? "नखं रंगवायला येती का इथं?" पण त्यानंतर माझ्या मापाला हात लावला नाही.

गेल्या वर्षी वर्कशॉपला चाळीस वर्षं झाली. साहेबांनी ठरवलं, खंडेनवमीला जुन्या सगळ्या माणसांना बोलवायचं, मग दसऱ्याला उत्तरपूजा झाल्यावर सगळ्यांनी मिळून जेवायचं. नानांच्या नावाची पत्रिका मी स्वतः घेऊन गेले. नानांनी ती वाचली, घडी केली आणि खिडकीत ठेवली.

"त्या टेबलाम्होरं मी उभा ऱ्हायलो की लोक टेबल मोजतील," ते म्हणाले. "तू जा."

मी खूप सांगून बघितलं. चौसष्ट वर्षांचा माणूस, आयुष्यात दुसऱ्याचा खिळासुद्धा खिशात घातला नाही, आणि टेबलासमोर उभं राहायला घाबरतो. मला एकच गोष्ट हवी होती. माझ्या बापानं त्या शेडमध्ये सरळ मानेनं चालत यावं. पण ते कसं घडवायचं हे मला कळत नव्हतं.

घडवलं ते कुसाबाईनं, आणि तिला पत्ताही नव्हता.

नवमीच्या दिवशी सकाळीच कारभारीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तारीख दवाखान्यानं दिलेली, पुढं ढकलली तर महिना जाणार. त्यानं साहेबांना फोन करून सांगितलं, माझी पेटी घरून मागवून घ्या, कुंकू चुकायला नको. साहेबांनी मला स्कूटीवर सिडकोत त्याच्या घरी पाठवलं.

कुसाबाई दारातच उभी होती. पेटी तिनं काढूनच ठेवली होती. वर एक फडक्यात बांधलेलं गाठोडं दिलं.

"पेटी तर त्यांनी सांगितलेली," ती म्हणाली, "पण माळ्यावर हे एक लोखंड पडलेलं हाय. मागं हात लावला तर अंगावर आलते. म्हणलं, सणाचं ते तरी का बिगर कुंकवाचं ऱ्हावं? ने माय."

टेबलाभोवती सगळे जमले होते. झेंडूची फुलं, कुंकवाचं ताट, पाटाला टेकून नारळ. जुन्या चाळिसातले सात जण आलेले. राकेश वेल्डर त्यांत, आता निवृत्त, टक्कल पडलेलं. मी पेटी मांडली, मग फडकं सोडलं. आत जुन्या बनियनची चिंधी, तिच्या आत तेलकट कागद, आणि कागदात डिव्हायडर.

गंजलेला होता. पण पाय वर जाड, खाली निमुळते. कमान एका बाजूला आखूड. पितळेचा स्क्रू. मी डाव्या पायाच्या आतून अंगठा फिरवला आणि खोच नखाला लागली. असला कारागिरीचा जिन्नस, आणि अठ्ठावीस वर्षांत त्यानं एक वर्तुळ ओढलं नव्हतं. वापरला असता तर कुणीतरी बघितला असता ना.

राकेश माझ्या शेजारीच उभा होता. त्यानंही ओळखला. हळूच म्हणाला, "झाक ते. सणाचा दिवस आहे."

मी तो टेबलाच्या मधोमध ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि म्हणाले, "हा कारभारी मिस्त्रीचा डिव्हायडर. सत्त्याण्णवला माझ्या बापानं चोरला म्हणून सांगितलेला. आत्ता मिस्त्रीच्या माळ्यावरून आणलाय."

मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. चोर म्हणायला त्या दिवशी या लोकांना मिनिट लागलं नव्हतं. आता एक जण बूट बघत होता, एक जण फुलं सारखी करत होता. राकेशनं घसा साफ केला आणि नुसताच साफ केला. साहेबांनी ताट उचललं, म्हणाले, "मुहूर्त टळतोय, पूजा उरकू आधी." उरकली. डिव्हायडरला कुंकू लागलं, पेढे वाटले गेले आणि कुणीतरी विचारलं की पेढे कुठून आणले. मला त्या सगळ्यांचा इतका संताप आला की पेढा हातातच कुस्करला.

दुपारी मी परत सिडकोत गेले. कारभारी डोळ्यावर हिरवं फडकं लावून खाटेवर बसला होता. कुसाबाई आत पोळ्या करत होती. मी दारातूनच सांगितलं, "माळ्यावरचं गाठोडं टेबलावर उघडलं."

तो बायकोवर ओरडला, "तुला माळ्यावर चढायला कुणी सांगितलं होतं?"

"तिच्याशी नंतर बोला," मी म्हणाले. "आधी माझ्याशी."

"धार लावायला घरी आणला होता," तो म्हणाला. "नवमीच्या आदल्या दिवशी. पिशवीतून घसरून तांदळाच्या पोत्यामागं पडला, मला वाटलं शेडमधीच ऱ्हायला. शिमग्याला पोतं हलवलं तवा दिसला. तवर तुझा बाप घोटीला गेलता."

"घोटी काय अमेरिकेत आहे?"

"चाळीस माणसांम्होरं बोललो होतो मी. परत जाऊन काय सांगायचं? माझी काय किंमत ऱ्हायली असती?"

"आणि त्यांची?"

"तुला शिकवलं ना मी," तो म्हणाला. "सगळं शिकवलं. दुसऱ्या कुणाला एवढं नाय दिलं."

"शिकवलंत. म्हणून तर ओळखला."

कुसाबाई हातात लाटणं घेऊन दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं. नवऱ्याला म्हणाली, "पुंजाभाऊंची बायको माझ्याकडं रडत आलती. म्हणाली, मिस्तरींना सांगा, माझा माणूस असा नाय. होळी झाल्यावरची गोष्ट. तुम्ही आत बसले होते. ऐकत होते." तिनं आत जाऊन गॅस बंद केला. मी म्हणाले, "उद्या दहाला उत्तरपूजा. तिथं सगळ्यांसमोर बोलायचं. नाही आलात तर मी नानांना इथं आणीन आणि गल्ली गोळा करीन." आतून कुसाबाईचा आवाज आला, "तू कशाला आणते? मी यांना आणते."

संध्याकाळच्या बसनं मी घोटीला गेले. नाना ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, पोत्यासकट. त्यांनी मला मध्ये थांबवलं नाही. संपल्यावर विचारलं, "टेबलावर निघाला? लोकांम्होरं?"

"हो. जुने सात जण होते."

"कोण कोण?" मी नावं घेतली. ते प्रत्येक नावाला मान हलवत होते. "काय म्हणाले?"

खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलले. "काही नाही म्हणाले, नाना."

"कुणीच नाय?"

"कुणीच नाही."

ते उठले, आत गेले आणि आईला म्हणाले, "माझा पांढरा सदरा काढ. उद्या अंबडला जायचंय."

दसऱ्याला दहा वाजता नाना माझ्याबरोबर गेटातून आत आले. खिशात रुमालात बांधलेली आपट्याची पानं, लोकांना सोनं म्हणून द्यायला. सातही जण होते आणि आमचे आताचे वीसेक. कुसाबाई कारभारीला हाताला धरून घेऊन आली आणि टेबलाशी उभं करून चार पावलं लांब जाऊन थांबली. साहेबांनी अक्षता टाकल्या, टेबल किंचित हलवलं. हत्यारं उचलायची वेळ झाली, पण कुणी हात पुढं केला नाही.

कारभारी पुटपुटला, "डिव्हायडर माझ्या घरीच होता. पुंजानं नेला नव्हता."

"ऐकू नाय आलं," नाना म्हणाले.

सुट्टीचा दिवस. सगळ्या अंबडमध्ये एक मशीन चालू नव्हतं. मला दहा हातांवरून ऐकू आलं होतं. कारभारीनं पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्यानं.

"त्या दिवशी तुझं वरडणं गेटापातुर गेलं होतं," नाना म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तेवढं सांग."

कारभारीचं तोंड लाल झालं. मग तो ओरडला. वाक्याच्या शेवटी त्याचा आवाज फाटला, पण ओरडला. गेटावरचा वॉचमन काय झालं म्हणून धावत आत आला.

कारभारीनं टेबल चाचपून डिव्हायडर उचलला आणि नानांसमोर धरला. "घेऊन जा. तुलाच पायजे होता."

"आजवर नेला नाय," नाना म्हणाले, "आता कशाला नेऊ?"

त्यांनी रुमाल सोडला. साहेबांना पान दिलं, राकेशला दिलं, सातही जणांना नावानं हाक मारून दिलं. राकेश पाया पडायला वाकला तर नाना बाजूला सरकले. कुसाबाईला दिलं. तिनं ते कपाळाला लावलं. शेवटी कारभारी उरला. त्याला नीट दिसत नव्हतं, पण पानांची सळसळ जवळ आलेली कळली असावी, कारण त्यानं डिव्हायडर खाली ठेवून तळहात पुढं केला. नाना त्या हातासमोर थांबले. मग मला म्हणाले, "चल तेजू, बस मिळंल अजून," आणि चालायला लागले.

मी मागं वळून बघितलं. हात तसाच पुढं होता आणि त्याला कुणी सांगत नव्हतं की नाना गेले. मीही सांगितलं नाही. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

रुमालात एक पान शिल्लक होतं. नानांनी ते गेटावर वॉचमनला दिलं.